राखेचे दोन थर

खाणीतला तो ढिगारा पाहिला आणि गारगोटीचं डोकंच फिरलं. लहानपणी खिसे भरून दगड घरी आणायची म्हणून पडलेलं हे नाव. भूशास्त्रात डॉक्टर झाली तरी ते सुटलं नव्हतं. काल जिथे लाल-काळ्या पट्ट्यांचा कडा उभा होता, तिथे आज नुसता राडारोडा.

सुरुंग उडवणारा अधिकारी तिचा सख्खा थोरला भाऊ. "तू नमुने घेईपर्यंत हात लावणार नाही," असं त्यानेच जेवताना कबूल केलं होतं.

"अगं, पाहुणे येणार, वाट मोकळी करायची होती," दादा म्हणाला. "तुझे दगड कुठे पळालेत? हवे तेवढे उचल."

"दगड नकोत मला! राख हवी होती, आणि तीही जागच्या जागी!"

किती वेळा सांगितलं होतं त्याला! अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. सूक्ष्म जीवांनी प्राणवायू सोडला, लोखंड गंजलं आणि तळाशी बसत गेलं. पण लोखंड स्वतःचं वय काही सांगत नाही. ते सांगते ज्वालामुखीची राख, तिच्यातल्या बारीक स्फटिकांवरून. या कड्यात खनिजाच्या खाली एक आणि वर एक, असे राखेचे दोन फिकट थर होते; दोन्हींची वयं कळली की मधल्या लोखंडाचं वय त्यांच्या दरम्यानचं ठरलं असतं. दोन्ही एकत्र दिसतील अशी दुसरी जागाच नव्हती. खाणवाल्यांच्या लेखी तो कचरा. राखेत आधीच्या स्फोटांचे जुने स्फटिकही आलेले असतात, त्यामुळे नुसत्या वयावरून आता कुठला तुकडा खालचा, कुठला वरचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"मग दे एक आकडा ठोकून," दादा हसला. "तेव्हा बघायला कोण होतं? खाणीच्या साहेबांना पाहुण्यांपुढे 'सर्वांत जुनं लोखंड' म्हणून मिरवायचंय. तू फक्त मान डोलाव. माझ्या बढतीचाही विचार कर जरा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या सगळ्या संशोधनाची मदार या कड्यावर, आणि याला बढती सुचत होती!

दुपारी पाहुणे आले. साहेबांनी तिला कौतुकाने पुढे केलं. "या आमच्या तज्ज्ञ. सांगा मॅडम, किती जुनं आहे हे?" मागून दादा डोळ्यांनीच विनवत होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आणि आता कळायचंही नाही. ज्यावरून कळणार होतं, ते आज सकाळी उडवून दिलं."

"कोणी?" एका पाहुण्याने विचारलं.

"माझ्या दादाने," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याला दादा म्हणायची लाज वाटली.