गुरांस आणि माशाचा काटा

आमाच्या, माझ्या आईच्या, गुरांसाच्या झाडावर (इंग्रजीत ऱ्होडोडेंड्रॉन) यंदा चौदा कळ्या होत्या. तेरा बारीक, म्हणजे पानांच्या. एक जाड, सुपारीएवढी. ती मंगळवारी उमलली आणि तिच्यातून सतरा लाल फुलांचा गुच्छ निघाला.

आमची बाग म्हणजे घर आणि रस्ता यांमधली चिंचोळी जागा. तिथल्या कुंडीत आमाने नऊ वर्षांपूर्वी बी पेरलं, तेव्हाच ठरवलं होतं की पहिला गुच्छ नामचीच्या फुलांच्या प्रदर्शनात मांडायचा. बरीच वर्षं ती त्याला चुलीची राख घालत होती आणि पानं पिवळी पडत होती. मी वनस्पतिशास्त्र शिकून आले, राख बंद केली, पाइनची कुजलेली पानं घातली. शेजारचे साइँला काका नुसती पानं बघून कुंपणावरून आमाला रोज विचारायचे, "भाउजू, कोबी कधी काढताय?"

प्रदर्शन शनिवारी होतं. शुक्रवारी दुपारी काका गळा धरून आले, मागे काकी.

"माशाचा काटा अडकलाय," काकी म्हणाली. "भाताचे गोळे झाले, केळी झाली. हलत नाही."

"वाळवलेल्या पाकळ्या नाहीत घरात?" आमाने विचारलं. गुरांसाच्या पाकळीने काटा उतरतो, हे आमच्याकडे लहान मूलही सांगतं.

"यांनीच चटणी करून संपवल्या."

"आमा, पाकळीने काटा विरघळेल असं मला वाटत नाही," मी म्हटलं. "दवाखान्यात नेऊ."

"नेऊ की. गाडी येईपर्यंत नुसतं बसायचं का?" आमाने गुच्छाकडे जरा वेळ पाहिलं. "मागच्या बाजूची खुड. समोरची नको."

काकांनी दोन फुलं चावून गिळली. मान हलवली, अजून अडकलेलाच. तिसरं, चौथं. पाचव्यानंतर त्यांनी आवंढा गिळला, थांबले, पुन्हा गिळला.

"गेला," ते म्हणाले. मग, "आंबट आहे. मीठ हवं होतं जरा."

"आता म्हण कोबी," आमा म्हणाली आणि हसता हसता पायरीवर बसली.

शनिवारी कुंडी काकांनीच पाठीवरच्या टोपलीतून नेली. आमाने रिकामी बाजू भिंतीकडे केली, पण परीक्षक बाईंनी कुंडी फिरवलीच.

"इथली फुलं कुठे गेली?"

काका पुढे झाले आणि तोंड उघडून दाखवलं. सगळी हकीकत ऐकून बाई इतक्या हसल्या की हातातली फुटपट्टी पडली. ती उचलून त्यांनी गुच्छाला लावली.

रुंदी तेरा सेंटिमीटर, फुलं बारा. क्रमांक दुसरा.