दगूबाईची पहिली घागर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली की खानदेशातल्या घराघरांत एकच विषय असतो. लेकीला माहेरी न्यायला मुराळी कधी येणार, आणि सासरचे तिला धाडणार की नाही? सारंगखेड्याच्या भिला मास्तरांकडे १९३९ साली तोच विषय निघाला. बायको मंगला हिला न्यायला तिचा भाऊ शांतीलाल गाडी जुंपून आला होता. त्या दोघा भावंडांच्या आईची नजर गेली होती आणि लेकीच्या तोंडावरून एकदा हात फिरवायचा म्हणून ती म्हातारी आस लावून बसली होती.

मास्तर नाही म्हणाले. कारणही सबळ होतं. त्यांची आई दगूबाई पौषात गेली. आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात आणि यंदा आईची पहिली घागर होती. भाऊबंद जेवायला येणार, मग पुरणाच्या पोळ्या कोण लाटणार? शांतीलाल मान खाली घालून ओट्यावर बसला. मंगला चुलीकडे वळली.

मास्तरांचे मामा, धानोऱ्याचे वाहरूबुवा, बहिणीच्या घागरीसाठी आदल्याच दिवशी आले होते. सत्तरीचा माणूस, मोजकं बोलणारा. त्यांनी मास्तरांना जवळ बसवून घेतलं.

"तो वट्टावर बसेल शे ना, तो शांतीलाल नही. तो मी शे," मामा म्हणाले.

मास्तरांना काही उमगलं नाही. मग मामांनी सगळं सांगितलं. दगूबाईची सासू वारली आणि घराचं सगळं तिच्या अंगावर पडलं. त्यानंतर दर आखाजीला तापी ओलांडून मामा तिला न्यायला यायचे, ओट्यावरूनच 'लेवाले उनू' म्हणायचे. चाळीस वर्षं आले आणि चाळीस वेळा एकटेच परत गेले. कधी घरात पाहुणे, कधी गाय व्यालेली, एकदा भिलाला गोवर, एकदा भिलाची परीक्षा. दोघा बहीणभावांची आई वारली त्या वर्षीसुद्धा दगूबाई पोचली ती राख सावडायला.

"पन मामा, माय तर कधी काही बोलनी नही," मास्तर म्हणाले.

"बोलनी नही म्हनीसन तिले जानं नव्हतं, अशे वाटनं तुले?"

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली मंगला बोलली. लग्न होऊन आल्यापासून ती पाहत होती. दर चैत्रात सासूबाई पेटीतलं हिरवं लुगडं काढायच्या, ऊन दाखवायच्या, घडी घालून गाठोड्यात ठेवायच्या. आखाजी झाली की तेच लुगडं निमूट पुन्हा पेटीत जायचं.

मास्तरांना ते लुगडं आठवलं. किती वेळा त्यांनी ते दोरीवर पाहिलं होतं, आणि एकदाही विचारलं नव्हतं! शाळेत स्त्रीशिक्षणावर तासभर बोलणारे मास्तर आपल्याच आईला इतकं साधं विचारायचं विसरले होते. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. "मंगला, गाठोडं बांध. मायले भेटी ये," ते म्हणाले. तिनं घाबरत विचारलं, परत कधी येऊ? मास्तर म्हणाले, तुझं मन भरलं की ये.

आखाजीला पुरण करपलं. मामा-भाच्यांनी लाटलेल्या पोळ्यांना ना आकार होता ना काठ. एकदोन भाऊबंद हसले, पण जेवून गेले. घागरीपाशी मास्तर हात जोडून उभे राहिले. मग वाहरूबुवा पुढे झाले आणि पाणी ओतता ओतता हळूच म्हणाले, "दगू, चाल बहीन. तुले लेवाले उनू."

वाचकहो, पितरांची घागर अवश्य भरा. पण तुमच्या घरात एखादी बाई असेल, जी कधीच काही मागत नाही आणि जिच्यावाचून सगळ्यांचं अडतं, तिला आजच विचारा, तुला कुठं जायचं आहे का. भिला मास्तरांनी आता रोज विचारलं तरी दगूबाई काही उत्तर देणार नाही.