शंभर एकर, नदीकाठी

थॉमसिन ग्रेलच्या नवऱ्याने मरण्याआधी समुद्रापलीकडे वसाहत वसवणाऱ्या कंपनीचा एक शेअर घेऊन ठेवला होता. ब्रिस्टलमधला हातमोजे शिवणारा माणूस तो. व्हर्जिनियात सोनं निघणार, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. सोनं काही निघालं नाही. शेवटी कंपनीने नफ्याच्या जागी भागधारकांना जमीनच वाटून टाकली, आणि थॉमसिनच्या हातात शंभर एकरांचा कागद आला.

"विकून टाका वहिनी," दीर म्हणाला. "समुद्रापलीकडची जमीन काय चाटायची आहे?"

पण दिराच्या घरी आश्रितासारखं राहून ती विटली होती. तिने दुकानातली अवजारं विकली आणि जहाज धरलं.

जेम्सटाउनला उतरल्यावर वसाहतीचा मोजणीदार बार्नबी क्वेल तिला होडीतून नदीने वर घेऊन गेला. काठावर त्याने मोजणीची साखळी सोडली आणि समोर हात केला.

"हे सगळं तुमचं. नशीब काढलंत बाई, झाडं तोडायचीसुद्धा मेहनत नाही."

झाडं नव्हती, कारण तिथे खांद्याएवढा मका उभा होता. ताटांवर घेवड्याचे वेल चढले होते. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक बाई वाकून बुंध्यांना माती लावत होती. तिने या दोघांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

"हे कुणी पेरलं?" थॉमसिनने विचारलं.

"त्यांनीच. त्यांचं काय, आज इथे, उद्या तिथे."

"विचारा तरी तिला."

बार्नबीला त्यांची भाषा मोडकीतोडकी यायची. त्याने विचारलं. बाईने हात न थांबवता उत्तर दिलं.

"म्हणते, तिची आईही इथेच पेरायची." तो जरा घुटमळला. "आणि म्हणते, वेलावर पाय देऊ नका."

थॉमसिन दोन पावलं मागे सरली. मग तिने नदीच्या वळणाकडे बोट केलं.

"त्या वळणापलीकडे काय आहे?"

"दलदल. डास आणि बेडूक."

"तिकडची मोजा."

"बाई, कागदावर हीच जागा आहे."

"मग कागद बदलून घेऊ. दुसऱ्याच्या उभ्या पिकात माझ्याने चूल मांडवणार नाही."

कचेरीतल्या कारकुनाने कागद बदलून दिला. "दलदल मागून घेणाऱ्या तुम्हीच पहिल्या," एवढंच तो म्हणाला.

पहिलं वर्ष तिने चर खणण्यात आणि तापात काढलं. दुसऱ्या वर्षी उंचवट्यावर थोडी तंबाखू आली. पुढच्या वसंतात वळणापलीकडून कुऱ्हाडींचे आवाज येऊ लागले. ती पाहायला गेली, तर त्या मक्याच्या शेताला नवं कुंपण घातलं जात होतं. ती जमीन कंपनीने दुसऱ्या भागधारकाला दिली होती. तो कंपनीच्याच पत्राने आलेला साधा, हसतमुख माणूस होता. त्याने तिला प्यायला पाणी दिलं.

परतताना तिला ती बाई भेटली. पाठीवर टोपली, मागे घरची माणसं. सगळे नदीने वर निघाले होते. बाई थांबली आणि तिला काहीतरी म्हणाली. बोलणं लांबलचक होतं, आवाज शांत होता. थॉमसिनला त्यातला एक शब्दही कळला नाही. ती जमीन मी घेतली नव्हती, असं तिला सांगायचं होतं. पण त्या बाईला ते कळलं असतं, तरी तिला त्याचा काय उपयोग होता?

ती वाटेतून बाजूला झाली. माणसं एकेक करून तिच्यासमोरून गेली. सगळी दिसेनाशी झाल्यावर ती घरी आली, आणि त्या दिवशी तिने चर खणला नाही.