शेपूट पुढे गेलं

डोंगरात पळणाऱ्या मंडळींच्या त्या क्लबात पदं भरपूर होती. अध्यक्ष होते, सचिव होते, पाण्याच्या बाटल्यांचे प्रमुख होते, आणि ज्यांना काहीही करायचं नव्हतं त्यांच्यासाठी सल्लागार मंडळ होतं. अकरा वर्षांत कुणीही डोळा ठेवला नाही असं पद एकच, ते म्हणजे शेपूट.

काम तसं सोपं. शनिवारी सचिव स्वतः डोंगरात जाऊन वाटेवरच्या झाडाझुडपांना नारिंगी फिती बांधून यायचे. रविवारी सकाळी त्या फितींच्या मागोमाग सगळे पळायचे. सर्वांत शेवटी जो कोणी असेल त्याच्या मागे शेपटाने राहायचं, एकेक फीत सोडून पिशवीत भरायची, आणि डोंगरावर ना माणूस राहिला ना फीत, अशी खात्री करून खाली उतरायचं. निकालाच्या कागदावर शेपटाचा नंबर कायम शेवटचा. तो बदलण्याची सोयच नव्हती.

हे पद लिफ्टवाल्या काकांकडे होतं. काकांनी आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट बंद पडली की मगच त्यांना बोलावणं यायचं, त्यामुळे अख्खी नोकरी त्यांनी जिन्याने केली. निवृत्तीनंतर डोंगर चढायला मिळाला तेव्हा त्यांना ती बढती वाटली. आता वय एकोणसत्तर. रविवारी संध्याकाळी ते फिती साबणाच्या पाण्यात बुचकळायचे आणि गॅलरीतल्या दोरीवर ओळीने वाळत घालायचे.

"लोकांच्या गॅलरीत चादरी वाळतात," काकू म्हणायच्या, "आमच्या गॅलरीत डोंगर वाळतो."

काकांना ते कौतुक वाटायचं.

गेल्या मंगळवारी मात्र सचिवांनी त्यांना बोलावून घेतलं. सचिव चष्म्याचे दुकानदार होते, आणि क्लबाची खोली दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. खोलीला ओल्या बुटांचा वास यायचा आणि भिंतीवर डोळे तपासायचा जुना तक्ता टांगलेला होता. सभेत कुणी फार बोलू लागला की सचिव त्याला शेवटची ओळ वाचायला लावत.

"काका, मागच्या रविवारी शेवटचा भिडू खाली आला आणि तुम्ही त्याच्यानंतर पंचवीस मिनिटांनी आलात."

"गाठी ओल्या होत्या."

"आणि त्याच्या आधीच्या रविवारी?"

"तेव्हा कोरड्या होत्या. कोरडी गाठ जास्त छळते."

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे बघा, काका, तुमच्याविषयी आदर आहेच. पण शेपटाची वाट बघत आम्ही किती ताटकळायचं? या रविवारी शेवटच्या माणसानंतर दहा मिनिटांच्या आत आलात तर ठीक. नाहीतर पिशवी दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल."

काका जिना उतरले. पिशवी म्हणजे मळकट कापडी झोळी, पट्टा दोनदा शिवलेला. कुणी रस्त्यावर टाकली असती तर कुत्र्यानेही हुंगली नसती. पण ती खांद्यावरून गेली तर रविवारी सकाळी आपण नेमकं कोण, हे काकांना सांगता येईना.

त्यात आणखी एक पेच होता. गेले तीन आठवडे शेवटचा भिडू म्हणजे त्यांच्या विहीणबाई होत्या.

काकांच्या लेकीच्या सासूबाई भूमितीच्या निवृत्त शिक्षिका. गुडघ्यांसाठी चालत जा, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बहुधा बाग असावी. बाईंनी डोंगर निवडला. व्याह्याने विहिणीच्या मागून पळणं कुठल्या शिष्टाचारात बसतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून दर वळणावर दोघं एकमेकांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणत, आणि शेवटी बाई पुढे होत. लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, सासूबाईंना लवकर लवकर म्हणून घाई करू नका हं. मला इथे राहायचंय."

रविवार उजाडला तो ढगातच. डोंगर पायथ्यापासून वर पुसून टाकल्यासारखा. सगळे निघून गेले, बाईही तुरुतुरु निघाल्या, आणि काकांनी पहिल्या फितीला हात घातला.

आज त्यांनी ठरवलंच होतं. गाठ सुटायला वेळ लावू लागली की दातांनी ओढायची, पान फाटलं तर फाटू दे. पाच, सहा, सात फिती सटासट सुटल्या. जंगल दाट झालं. धुकं इतकं जवळ आलं की पुढचं झाड त्यांच्यासाठीच उभं केल्यासारखं समोर यायचं आणि मागचं कुणीतरी उचलून न्यायचं. पानांवरून थेंब पडत होते, पण आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं. काकांना वाटलं, आपण लिफ्टमध्ये आहोत आणि या लिफ्टला मजलेच नाहीत. दार उघडायचं नाही, कुणी आत यायचं नाही, नुसतं वर जायचं.

मग गंमत झाली. पाय हलके झाले. गुडघ्यातली कुरकुर थांबली. फीत दिसायची, हात आपोआप जायचा, गाठ सुटायची, आणि तोवर पाय पुढच्या फितीशी पोचलेले असायचे. नारिंगी, पांढरं, नारिंगी, पांढरं. दहा मिनिटं, सचिव, तो तक्ता, सगळं खाली कुठेतरी विरघळलं. काका चक्क पळत होते. कुणी बघितलं असतं तर त्यांना संकोच वाटला असता, पण बघायला कुणी नव्हतंच.

खिंडीत ढग जरा विरळ होता. तिथे क्लबातली बेकरीवाली थर्मास आणि नावांची यादी घेऊन बसली होती. येईल त्याला चहा द्यायचा आणि नावापुढे खूण करायची, हे तिचं काम.

"काका? तुम्ही?" ती उठूनच उभी राहिली. "आणि बाई कुठे आहेत?"

"पुढे."

"पुढे कशा? पुढे मी आहे."

काकांनी यादी पाहिली. एक नाव सोडून सगळ्यांपुढे खूण होती. अकरा वर्षांत, किंबहुना क्लब स्थापन झाल्यापासून, जे कधीच घडलं नव्हतं ते घडलं होतं. शेपूट पुढे गेलं होतं. आणि नुसतं गेलं नव्हतं, जाताना मागची वाट गोळा करून पिशवीत भरून घेऊन आलं होतं.

"तुम्ही असं करा," बेकरीवाली म्हणाली. "खाली जा आणि सांगा. चार जण वर येतील शोधायला. इथे फोन लागत नाही."

"तोवर बाई कुठल्या कुठे जातील. डावीकडे कडा आहे."

"पण तुमची ती दहा मिनिटं..."

काकांनी पिशवीतून एक फीत काढली आणि खिंडीतल्या पहिल्या झुडपाला बांधायला घेतली.

आणि अडले. अकरा वर्षांत त्यांनी हजारो गाठी सोडल्या होत्या, बांधली एकही नव्हती. बोटं सवयीने उलटीच फिरत होती. पहिली गाठ बांधता बांधता सुटली. दुसऱ्या झाडापाशी त्यांनी सोडण्याची रीत मनात मागून पुढे केली, आणि गाठ बसली. मग जमलं. फांदी कोणती ते त्यांना आठवावंही लागत नव्हतं, हातच सांगत होता. एक फीत बांधली की तिच्यापाशी वाट उगवायची. मागे वळून पाहिलं की उगवलेली वाट तशीच असायची. धुक्यात डोंगर नव्हताच मुळी, काका तो पिशवीतून काढून एकेक मांडत चालले होते.

मधूनमधून हाक मारणं भाग होतं. "विहीणबाई!" असं डोंगरात ओरडताना त्यांना फार ओशाळवाणं झालं, म्हणून पहिल्या दोन हाका त्यांनी जवळजवळ स्वतःलाच मारल्या. तिसरी मोठ्याने मारली.

"ओरडू नका, ऐकू येतंय," आवाज आला. अगदी शेजारून.

वाटेपासून सातआठ पावलांवर एका सपाट दगडावर बाई बसल्या होत्या. बूट काढून शेजारी नीट जोडीने ठेवलेले.

"तुम्ही इथे? कधीपासून?"

"खडा निघेना बुटातला. तेवढ्यात तुम्ही समोरून पळत गेलात."

"मग हाक नाही का मारायची?"

"काय म्हणून मारू? व्याह्यांना नावाने हाक मारायची नाही. शेपूट म्हणणं शोभलं नसतं." बाईंनी एक बूट उलटा करून झटकला. "आणि खरं सांगू? तुम्ही इतके छान पळत होतात. वर कुणी बोलावल्यासारखे. मोडवेना."

काका दगडाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. मध्ये अंतर व्यवस्थित होतं, नात्याला साजेसं.

"मग उठून वाटेवर गेले," बाई म्हणाल्या, "तर वाटच नाही. सगळीकडे सारखंच पांढरं. इतकी वर्षं पोरांना घोकून घेतलं, बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते. ती माना डोलवायची आणि मीही डोलवायचे. आज पहिल्यांदा बिंदू होऊन पाहिलं."

"भीती वाटली?"

"थोडी. पण एका बिंदूतून अगणित रेषा जातात. म्हणून म्हटलं, एकीवरही जायचं नाही. परत येऊन बसले."

ढग त्यांच्यामधून सावकाश सरकत गेला. क्षणभर काकांना बाई दिसेनाशा झाल्या, नुसते बूट दिसत राहिले. मग बाई परत आल्या. कुणालाच उठायची घाई नव्हती.

"खाली काय सांगायचं ते मी ठरवलंय," बाई म्हणाल्या. "माझा पाय मुरगळला, तुम्ही थांबलात. तुमची पिशवी तुमच्याकडे राहील. तुमच्या लेकीकडून कळलंय मला सगळं."

"बाई, तुम्ही शिक्षिका."

"निवृत्त," बाई म्हणाल्या, आणि बूट घालू लागल्या.

वर जाताना बाई पुढे आणि काका मागे. नुकत्याच बांधलेल्या फिती काकांनी त्याच सकाळी दुसऱ्यांदा सोडल्या. स्वतः बांधलेली गाठ सोडताना मात्र त्यांच्या जिवावर येत होतं. खिंडीत बेकरीवालीने उरलेल्या नावापुढे खूण केली, गार झालेला चहा दोघांना पाजला आणि सामान आवरलं. "मी काही पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "धुकं होतं." ओव्हन वाट बघत होता, ती धावतच खाली गेली.

पलीकडच्या बसथांब्याशी शर्यत संपायची. बाकीचे केव्हाच घरी पोचून आंघोळी करून झोपले होते. सचिव तेवढे बाकावर स्टॉपवॉच घेऊन बसलेले, भुकेने डोळे खोल गेलेले. बाई रेषेवरून गेल्या. त्यांच्या पाठोपाठ काका.

सचिवांनी घड्याळ पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"शेवटचा भिडू आणि शेपूट यांत तीन सेकंद! काका, क्लबाच्या इतिहासात असं झालेलं नाही. उशीर केलात, पण त्याबद्दल नियमात काही नाही. पिशवी तुमची."

"माझा पाय..." बाईंनी सुरुवात केली.

काकांनी खांद्यावरचा पट्टा काढला. कापड घामाने ओलं झालं होतं, जिथे ते टेकायचं तिथे वारा गार लागला.

"मी बाईंच्या पुढे गेलो होतो," ते म्हणाले. "पार खिंडीपर्यंत. फिती सोडत. त्या मागे धुक्यात एकट्या बसून होत्या."

सचिवांचा चेहरा तक्त्याची शेवटची ओळ वाचायला सांगितल्यासारखा झाला. "अहो, पण वेळ तर जमली होती!"

"वेळेपायीच तर झालं ते."

सचिवांनी पिशवी हातात घेतली आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. अकरा वर्षांत तिची इच्छा कुणाला झाली नव्हती, त्यांनाही नव्हती. दुसरं कुणीतरी म्हणजे नक्की कोण, हा विचार त्यांनी मंगळवारी केलाच नव्हता.

"इकडे द्या," बाई म्हणाल्या. "कुणाच्या पुढे जाणं मला जमतच नाही. तीन आठवड्यांत हे सिद्ध झालेलं आहे."

"आणि तुम्ही, काका?" सचिवांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "क्लब सोडू नका बरं का."

काकांनी हाताची बोटं उघडली, मिटली. "शनिवारी फिती तुम्ही बांधता ना? ते काम मला द्या."

"बांधायला तुम्हाला पहाट ते दुपार लागेल."

"लागू दे. तेव्हा मागे कुणी नसतं."

शनिवारी ते पहाटे एकटेच निघाले. ढग आजही होता, पण उतरणीला लागल्यासारखा, पातळ. काका बांधत गेले. कुठे कुणाचा पाय अडखळेल, कुठे दम लागेल, कुठे कुणाला उगाच थांबावंसं वाटेल, तिथे तिथे एकेक. घाई नव्हती. खिंडीत पोचून त्यांनी मागे पाहिलं, तर खालच्या पांढऱ्यातून नारिंगी ठिपके एकामागून एक त्यांच्यामागे वर चढत होते, न धापा टाकता. काका त्यांच्यासाठी बराच वेळ थांबले.

दुपारी घरी आले तेव्हा काकू गॅलरीत होत्या. दोरीवर चादर होती.

"कितवे आलात?" त्यांनी न वळता विचारलं.

"पहिला."

"कितीजणांत?"

"एकटाच होतो," काका म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.