अक्काची खोली

"कॉफी स्वल्प कडक झालीय. चालेल ना?" अनुसूयाअक्कानं पेला पुढे केला.

नीरजानं तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. के. आर. पुरममधली ही एवढीशी खोली. एक खाट, एक शेगडी, खिडकीत वाळत घातलेली साडी. अडुसष्टाव्या वर्षी तिची थोरली बहीण नवऱ्याला सोडून इथं येऊन राहिली होती. तिला समजावून परत आणायला घरच्यांनी नीरजाला पाठवलं होतं.

"भावोजींनी हात उचलला का?"

"छे गं. चव्वेचाळीस वर्षांत बोट लावलं नाही. जेवलीस का, असंही कधी विचारलं नाही."

"मग आत्ताच काय झालं? इतकी वर्षं काढलीस की!"

"तिशीत वाटायचं, बदलतील. पन्नाशीत वाटलं, लोक काय म्हणतील. आता उरलीत किती, नीरू? वाट बघायला वेळ कुठाय?"

"आणि उद्या मेलीस तर? कोण उचलणार?"

"महापालिका," अक्का हसली. "उचलतात गं. तशीच ठेवत नाहीत."

ते हसणं नीरजाला झोंबलं. चिकपेटच्या दुकानात ती बावीस वर्षं साड्यांना फॉल लावत होती. घरी गेलं की नवरा, गुरुराज, टीव्हीवरची नजर न काढता ताट मागायचा. दोघांत तेवढंच बोलणं उरलं होतं. आणि ही अक्का आज सकाळी आठपर्यंत झोपली होती म्हणे! नीरजाला वाटलं, आपल्या वाट्याचं काहीतरी हिनं उचलून आणलंय.

घरी येऊन तिनं सांगितलं, "रडतेय बिचारी. भावोजी स्वतः गेले तर लगेच येईल."

रविवारी कृष्णाजी भावोजी, गुरुराज आणि ती, तिघं गेली. अक्कानं शेजारून पेले मागून आणून सगळ्यांना कॉफी दिली.

"पुरे झालं आता. चल," भावोजी म्हणाले.

"मी नाही येत. बीपीची गोळी तेवढी वेळेवर घ्या."

भावोजी गोंधळले. "नीरजा तर म्हणाली, तू रडतेस..."

अक्कानं नीरजाकडे पाहिलं. नीरजाची मान खाली गेली.

"सरी, असू दे. रडले असेन," अक्का शांतपणे म्हणाली. मग नीरजाला म्हणाली, "पुढच्या वेळी एकटी ये गं."

भावोजी रिक्षानं गेले. मेट्रो स्टेशनात गुरुराज कार्ड लावून आत शिरला आणि सरकत्या जिन्यानं वर गेला. एकदाही त्यानं मागे पाहिलं नाही. नीरजा कार्ड हातात धरून फाटकापाशी थबकली. मागची माणसं "होगी अम्मा, होगी" करत तिला पुढं सरकायला सांगू लागली. ती बाजूला होऊन भिंतीशी उभी राहिली. आपण आलो नाही हे कळून तो खाली येतो का, ते बघत.

वरून एक गाडी गेली. दुसरीही गेली.

नीरजानं कार्ड पर्समध्ये ठेवलं.