उलटून पाहिलेला मॅनेजर

आमच्या शिवणाच्या दुकानात बटणं, अस्तर, चेन काय आणायचं ते मी ठरवते. पण घाऊक व्यापाऱ्याने हल्ली सगळा माल वेबसाइटवर मांडलाय. अक्षरं मुंगीएवढी, आणि मध्येमध्ये जाहिराती नाचतात. मागच्या खेपेला कोटासाठी मागवलेली बटणं बाहुलीच्या झग्याला शोभतील अशी आली. थोरला मुलगा म्हणाला, यापुढे ऑर्डर मीच देत जाईन. ज्याला मरून आणि किरमिजी एकच दिसतं, तो माल निवडणार! मग दुकानात मी उरले कशाला, पंखा लावायला?

सूनबाई कॉम्प्युटरचं काम करते. ती म्हणाली, वेबसाइट दुसऱ्याची असली तरी आपल्या पडद्यावर ती कशी दिसावी हे आपल्याला ठरवता येतं. तिने एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे हुकमांची चिठ्ठीच: अक्षरं दुप्पट कर, जाहिराती हाकल. पण ती चिठ्ठी वाचून राबणारा कुणीतरी ब्राउझरमध्ये नेमावा लागतो. त्याला मॅनेजर म्हणतात. तिने दोन आणून बसवले. थोरल्याला पहिला पसंत होता, कारण त्याचे सगळे मित्र तोच वापरतात. मित्रांचं बघूनच तर हा पोटरीपर्यंतच्या पँटी घालतो.

मी कारागीर ठेवताना दोघांना शेजारी बसवून एकाच मापाची कॉलर शिवायला लावते. सूनबाईने एका वेळी एकच चालू करा म्हणून बजावलं होतं. ती फोनवर बोलायला आत गेली आणि मी दोघांनाही एकदम कामाला लावलं. एकाने अक्षरं दुप्पट केली, दुसऱ्याने त्याची आणखी दुप्पट. ‘बटण’ हा एकच शब्द पडदाभर पसरला. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. चष्म्याशिवाय दारातून वाचता येत होतं. पण ऑर्डर द्यायची जागाच पडद्याबाहेर गेली. थोरला पोट धरून हसला. सूनबाईने ओठ दाबले, तिला माझ्या हाताखाली नांदायचंय.

मग एकेकाला चालवलं. दोघांचं काम अगदी सारखं. कॉलर सारख्या उतरल्या की मी त्या उलटते आणि आतली शिलाई बघते. मी विचारलं, यांना उलटून बघता येतं का?

सूनबाई खुलली. म्हणाली, दुसऱ्याचं आतलं सगळं उघडं आहे, कुणीही वाचावं. पहिल्याचं मालकाने झाकून ठेवलंय. आणि मोकळीक दिली तर हे मॅनेजर आपण उघडू त्या प्रत्येक पानात हात घालतात, बँकेच्यासुद्धा.

“आई, तुला ते आतलं वाचता येणार आहे का?” थोरल्याने टोमणा मारला.

“मला नाही येत. हिला येतं. आणि ही माझी आहे.”

सूनबाईने दुसऱ्याचं आतलं वाचून काढलं, त्याला फक्त बटणवाल्याच्या पानापुरती परवानगी दिली आणि पहिल्याला काढून टाकलं. मग माझी मी ऑर्डर दिली: कोटाची, चार भोकांची, मरून. तिने माउसला बोटसुद्धा लावलं नाही.

खोका आला तेव्हा थोरल्याने एक बटण कोटावर धरून पाहिलं, उजेडात नेऊन पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, चेन पण संपत आल्यात, आई, बघतेस का? मी म्हटलं, बघते. किती इंची ते नीट सांग आणि बाजूला हो, उजेड अडवतोयस.