सातवा मतदारसंघ जागचा हलत नाही

मी एक जुना मतदारसंघ आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या एका कारखान्यांच्या शहरातला, नंबर सातवा. कागदावरच्या रेघेने मला जन्म दिला, पण वाढवलं माझ्या माणसांनी. पोलादाचे कारखाने बंद पडले तेव्हा सगळे म्हणाले, याचं आता काही खरं नाही. मी मात्र तग धरला. दक्षिणेतून आलेली काळी कुटुंबं, जुनी पोलिश घरं, मेक्सिकोची मंडळी माझ्यात भांडत-तंडत नांदली. सगळ्यांनी मिळून एकच खासदार निवडून दिला, म्हणून तर नदीकाठचा बंद दवाखाना पुन्हा उघडला.

दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि राज्याच्या राजधानीतले लोक माझी रेघ नव्याने ओढतात. या खेपेला त्यांनी माझे तीन तुकडे करायचं ठरवलं. एक रेघ तर चर्च आणि त्याच्या स्वयंपाकघराच्या मधूनच गेली. प्रार्थना सातव्यात, जेवण चौथ्यात! तीन ठिकाणी विखुरलेल्यांचं कोण ऐकणार? दवाखाना पुन्हा गेला असता. माझं डोकंच फिरलं.

नव्या रेघांवर लोकांचं म्हणणं ऐकायला समितीने सुनावणी ठेवली, तिथे अर्नेस्टीनबाई उभ्या राहिल्या. केस कापायचं दुकान चालवतात. चार पानं लिहून आणली होती, पण बोलायला प्रत्येकाला दोनच मिनिटं. पहिल्या पानावरच घंटी वाजली.

"माझी दोन मिनिटं बाईंना द्या," व्रोना खाटीक मागून म्हणाला.

"वेळ दुसऱ्याला देता येत नाही," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"बरं. मग मीच वाचतो." त्याने कागद घेतले आणि खिसे चाचपले. "बाई, तुमचा चष्मा द्या जरा."

"घे. आणि माझ्याकडे बघू नकोस, वाच."

गुलाबी चष्मा लावून व्रोनाने बाई थांबल्या तिथून सुरू केलं, "चाळीस वर्षं मी बायकांच्या वेण्या घालते..." सभागृह हसलं. तो हसला नाही. घंटी वाजली, तसे कागद आणि चष्मा तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले मेक्सिकन रोल विकणाऱ्या रेफुहियोकडे गेले. मग पुढच्याकडे. सातव्या माणसाने चौथं पान संपवलं. आठव्याने पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. रांग दाराबाहेर गेली होती.

शेवटी समितीने नमतं घेतलं, रेघ पुन्हा माझ्या जुन्या हद्दीवर, नदीपर्यंत मागे सरली आणि मी अख्खा राहिलो.

दहा वर्षांनी ते पुन्हा येतील. येऊ देत. ती चार पानं बाईंच्या दुकानात आरशाला खोचलेली आहेत. मित्रांनो, तुमचाही एक मतदारसंघ आहे. तो सांभाळा. सुनावणीला जा, आणि जाताना चष्मा घेऊन जा.